हिरव्या डोंगरावरची पांढरी पट्टी: ऐन नाताळात बर्फ वितळला तेव्हा

पार्श्वभूमी

हे प्रकरण डिसेंबर २०२२ चं आहे. म्युनिक आणि आसपास राहणारी पाच मराठी कुटुंबं, एकूण १९ माणसं, नाताळच्या सुट्टीत चार दिवस गार्मिश-पार्टेनकिर्खेनला गेली. दहा मोठे, पाच ते अकरा वयाची सहा मुलं आणि भारतातून आलेली तीन ज्येष्ठ मंडळी: सांगलीचे आजी-आजोबा आणि नाशिकच्या एक मावशी. आयोजन आम्ही दोघी मैत्रिणींनी केलं होतं. नावं मुद्दाम दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. गटातल्या सगळ्यांनी वाचून होकार दिल्यावरच मी हे लिहून पूर्ण केलं.

गार्मिश हे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत, साधारण ७०० मीटर उंचीवर वसलेलं गाव. म्युनिकहून रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता येतं, म्हणून आमच्याकडच्या बहुतेकांची बर्फाशी पहिली ओळख इथेच होते. मुळात गार्मिश आणि पार्टेनकिर्खेन ही दोन वेगळी गावं. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर, १९३५ मध्ये, नाझी राजवटीने दबाव आणून ती एक केली. डोंगरउतारावरच्या स्कीइंगला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा स्थान मिळालं ते याच स्पर्धेत. त्या वेळचं बर्फक्रीडा केंद्र आजही सुरू आहे. स्की स्टेडियमही गावातच आहे. स्की जंपचा, म्हणजे उंच घसरणीवरून स्कीवर लांब उडी मारण्याच्या खेळाचा, जुना मनोरा २००७ मध्ये पाडून त्याच वर्षी नवा उभा राहिला. १९७८ आणि २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इथेच झाल्या.

या गावाचे तीन मजले असतात, आणि ते लक्षात आले की पुढचं सगळं समजतं. तळमजला म्हणजे गाव: स्टेडियम, बर्फाची रिंक, स्की जंप. मधला मजला म्हणजे हाउसबर्ग, क्रॉयत्सेक आणि अल्पश्पित्से हे जोडलेले उतार, गावापासून सुरू होऊन २,०५० मीटरपर्यंत जाणारे. इथे स्नो गननी बर्फ तयार करतात. वरचा मजला म्हणजे त्सुगश्पित्से, २,९६२ मीटरचं जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या पठारावरचं स्कीइंग साधारण २,००० ते २,७०० मीटरवर चालतं आणि ते पूर्णपणे आभाळातून पडलेल्या बर्फावर असतं. आम्ही सप्टेंबरमध्ये आरक्षण केलं तेव्हा हे तिन्ही मजले आम्हाला माहीत होते. कोणता मजला कोणासाठी, हे मात्र आम्ही ठरवलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये ठरलं ते असं: २९ डिसेंबर ते १ जानेवारी मुक्काम, ३० आणि ३१ ला हाउसबर्गच्या पायथ्याशी अकरा जणांसाठी नवशिक्यांचा स्की वर्ग, १ जानेवारीला स्की जंपची प्रसिद्ध नववर्ष स्पर्धा बघून परत. मुक्काम स्वस्तात मिळावा म्हणून आम्ही असा दर घेतला ज्यात शेवटच्या तीस दिवसांत रद्द केलं तर जवळजवळ काहीच परत मिळणार नव्हतं. स्की वर्गाची अट वेगळी होती: लिफ्ट बंद पडल्या तर पैसे परत, पण सरावाचा उतार चालू असेल तर वर्ग होणार आणि पैसे परत नाहीत. ही ओळ आम्ही दोघींनीही वाचली होती. तिचा अर्थ तेव्हा कळला नाही.

अडचण

डिसेंबरच्या मध्यावर कडाक्याची थंडी पडली. बर्फ झाला, खोऱ्यातली कुरणं पांढरी झाली आणि आमच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज फोटो यायला लागले. मग १९-२० तारखेपासून हवा फिरली. जर्मन लोकांना हे नवीन नाही. नाताळच्या सुमारास उबदार, दमट वारे येऊन बर्फ वितळतो हे इतक्या वेळा घडतं की त्यांच्या भाषेत त्याला ‘नाताळची वितळण’ असा खास शब्दच आहे. मी इथे नऊ वर्षं राहते, शब्द मला माहीत होता, तरी आरक्षण करताना तो आठवला नाही. आपल्याकडे कुणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अंगणात मांडव घालून लग्न ठरवलं तर घरातलं म्हातारं माणूस आधी पावसाचं विचारेल. आम्हाला इथे विचारणारं कुणी नव्हतं.

त्यात डोंगरापलीकडून येणारा फ्योन. हा दक्षिणेचा कोरडा, ऊबदार वारा उतरत्या हवेबरोबर तापतो आणि काही तासांत तापमान वर नेऊन ठेवतो. त्या वर्षी ३१ डिसेंबरला दक्षिण बव्हेरियात काही ठिकाणी पारा २० अंशांपर्यंत गेला, आणि १ जानेवारी २०२३ ला युरोपातल्या अनेक देशांत जानेवारीच्या उष्म्याचे विक्रम मोडले. आल्प्समधली कमी उंचीवरची कितीतरी स्की केंद्रं त्या आठवड्यात बंद होती.

गार्मिशचा मधला मजला पूर्ण बंद नव्हता, आणि खरी अडचण तिथेच होती. डिसेंबरच्या थंडीत स्नो गननी बनवून ठेवलेला बर्फ पट्ट्यांच्या रूपात शिल्लक होता. स्नो गन पाण्याचे बारीक थेंब हवेत फवारते आणि ते जमिनीवर पडण्याआधी गोठावे लागतात. त्यासाठी नुसतं शून्य अंश पुरत नाही. हवेतला ओलावा धरून काढलेलं तापमान उणे दोन-तीनच्या खाली लागतं. रात्रीही पारा शून्याच्या वर राहिला की यंत्रं उभीच राहतात. मग उतारावर जो बर्फ आहे तो मे महिन्यातल्या धरणासारखा: वापर रोजचा, आवक शून्य. रोज पट्टी दोन्ही कडांनी आक्रसते, अधूनमधून खालची माती वर येते, आणि दुपारपर्यंत उरलेल्या बर्फाची खीर होते.

म्हणजे उतार चालू होता, म्हणून वर्ग होणार होता, म्हणून पैसे परत मिळणार नव्हते.

हुकलेली संधी

निवासाच्या घरमालकीणबाईंचा २३ तारखेला दुपारी फोन आला. साठीच्या पुढच्या, गावात जन्मलेल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नववर्षापर्यंत बर्फाची आशा धरू नका. तुमच्याकडे लहान मुलं आहेत. हवं तर याच पैशांत जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात या, तेव्हा माझी घरं रिकामी असतात. नियमाप्रमाणे त्यांना हे करण्याची काही गरज नव्हती.

आम्ही दोघींनी अर्धा तास बोलून नकार कळवला. कारणं खरी होती. मुलांच्या शाळा ९ जानेवारीला सुरू होणार होत्या, दोघा-तिघांच्या रजा आधीच मंजूर होत्या, आणि आजी-आजोबांचं परतीचं विमान ८ जानेवारीचं होतं. पण हा निर्णय आम्ही दोघींनीच घेतला, गटाला विचारलं नाही. पुढे पंधरा दिवसांनी कळलं की पाचपैकी तीन कुटुंबांना जानेवारीतला शनिवार-रविवार सहज जमला असता. ज्येष्ठ मंडळींसाठी वेगळी एक दिवसाची सहल तेवढी करावी लागली असती. स्की शिकायला आलेल्यांची तारीख आणि आजोबांना आल्प्स दाखवायची तारीख या दोन गोष्टी आम्ही एकाच गाठीत बांधल्या होत्या, आणि ती गाठ सोडायचं सुचलंच नाही. या प्रकरणात मागे जाऊन एकच गोष्ट बदलायची मुभा मिळाली, तर मी तो फोन बदलेन.

२७ तारखेची बैठक आणि समोरचे पर्याय

२७ ला रात्री साडेनऊला सगळ्या कुटुंबांचा व्हिडिओ कॉल झाला. एव्हाना गार्मिशच्या वेबकॅमवर हिरवंगार खोरं दिसत होतं. हाउसबर्गचा कॅमेरा मात्र नेमका पट्टीकडे रोखलेला, त्यामुळे पडदाभर पांढरंच दिसायचं. एका दादांनी तो फोटो गटावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघा, बर्फ आहे.’ त्या एका फोटोने बैठकीचा नूर ठरवला.

पहिला पर्याय सगळं रद्द करण्याचा. मुक्काम आणि वर्ग मिळून तीन हजार युरोंच्या वर पैसे गेले असते. यावर पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. “पैसे भरलेत तर जाऊ तरी, नाही जमलं तर बघू,” असं तेच दादा म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. भरलेले पैसे तर गेलेच होते, गेलो तरी आणि न गेलो तरी. उरलेला प्रश्न एवढाच होता की त्या चार दिवसांत कुणाला काय करायला आवडेल आणि काय झेपेल. तो प्रश्न आम्ही पैशांच्या आड लपवला.

दुसरा पर्याय त्सुगश्पित्सेचा. वर खरा बर्फ होता. आइबझे तलावापासून नवी केबल कार दहा मिनिटांत वर नेते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या या केबल कारचा मधला खांब १२७ मीटर उंच आहे आणि एका दमात ती १,९४५ मीटर चढते. पण शिखराजवळच्या पठारावर अगदी कोऱ्या नवशिक्यांसाठी जागा कमी, वारा जोरात, तिकीट महाग. शिवाय आमचा स्की वर्ग खाली हाउसबर्गला बांधलेला. तो वर हलवायला प्रशिक्षक संस्था तयार नव्हती.

तिसरा पर्याय सीमेपलीकडचा: मिटेनवाल्ड, सेफेल्ड, इन्सब्रुक करत ऑस्ट्रियातल्या श्टुबाइ हिमनदीवर जायचं. गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं, बर्फाची खात्री आणि मुलांसाठी २,६०० मीटरवर चांगली जागा. स्की शिकण्याच्या दृष्टीने हा सर्वांत चांगला पर्याय होता असं आज वाटतं. पण १९ जणांत गाड्या तीनच. उतारांच्या अनोळखी रस्त्यांवर सुट्टीच्या गर्दीत चालवायला दोघेच तयार. हा पर्याय फक्त स्की करणाऱ्यांसाठी ठेवता आला असता, पण “सगळे एकत्र आलोय तर एकत्रच राहू” हे वाक्य तीनदा म्हटलं गेलं आणि विषय संपला.

चौथा पर्याय मी मांडला, पण जोर लावून मांडला नाही. स्की सोडून द्यायचं. बर्फाची रिंक, पार्टनाख घळ, आइबझेच्या काठची पायवाट, शेवटच्या दिवशी स्की जंप. यातलं काहीच हाउसबर्गच्या पट्टीवर अवलंबून नव्हतं. मुलं हिरमुसतील म्हणून मीच माघार घेतली. मुलांना कुणी विचारलं नव्हतं.

बैठकीत एक वाक्य असं आलं जे त्या वेळी हवेत विरलं. गटातल्या एक वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत. त्या म्हणाल्या, “ओल्या बर्फात नवशिक्याचा वेग कमी असतो, पण गुडघा पिळला जातो. मोठ्यांनी तरी दुपारनंतर थांबा.” कुणीतरी “हो हो, बघू या” म्हणालं. नियोजनाच्या संदेशात मी ते वाक्य घेतलं नाही.

ठरलं ते असं: ३० ला सगळे हाउसबर्ग, ३१ ला सगळे त्सुगश्पित्से. वर्गाचा दुसरा दिवस सोडून द्यायचा.

विम्याचं पहिल्यांदा २८ ला, निघायच्या आदल्या रात्री बघितलं. आजी-आजोबांच्या आणि मावशींच्या भारतातून घेतलेल्या प्रवासविम्यात हिवाळी खेळ सरळ वगळलेले होते. त्यात घसरगाडीही आली. मावशींना घसरगाडीवर बसायची फार हौस होती. “अगं, कोकणात घाट उतरले मी सायकलवर,” असं त्या म्हणत होत्या. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटलं, आणि हे त्यांना ऑक्टोबरमध्येच सांगायला हवं होतं असंही वाटलं. तेव्हा सांगितलं असतं तर थोडे जास्त पैसे भरून योग्य विमा घेता आला असता.

३० डिसेंबर: हाउसबर्ग

सकाळी नऊला उतारावर पोचलो तेव्हा हवा इतकी ऊबदार होती की मुलांनी जाकिटं काढली. दोन्ही बाजूंना हिरवं गवत, मध्ये मळकट पांढरी पट्टी आणि त्या पट्टीवर त्या दिवशी गार्मिशमध्ये आलेला जवळजवळ प्रत्येक नवशिका. हे दृश्य मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. उघड्या उतारावर नवशिका वाटेल तिथे वळतो, घसरतो, बाजूला जाऊन बसतो. पट्टीवर त्याला बाजूच नसते. कडेला गेला की चिखल, मध्ये थांबला की मागचा येऊन आदळतो.

मुलांचं छान झालं, हे सांगायलाच हवं. त्यांचा भाग वेगळा कुंपण घातलेला होता, वर न्यायला चालता पट्टा होता, ज्याला इथे जादूचा गालिचा म्हणतात, आणि प्रशिक्षिका संयमी होती. जर्मनीत मुलांना दोनच शब्द शिकवतात: पुढची टोकं जुळवून मागून फाकवलेली स्की म्हणजे ‘पिझ्झा’, म्हणजे ब्रेक; समांतर स्की म्हणजे ‘पॉमेस’, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, म्हणजे पळा. अर्ध्या तासात आमची सहाही मुलं “पिझ्झा! पिझ्झा!” ओरडत खाली येत होती. मुलाचं वजन कमी, उतार छोटा, बर्फ मऊ; पडण्यात त्यांना मजाच वाटत होती. अकराच्या सुमारास पाच वर्षांची मुलगी पूर्ण भिजली आणि रडायला लागली. तिला घेऊन तिची आई बाहेर पडली. बाकीची बारापर्यंत टिकली.

मोठ्यांचा गट पाच जणांचा. सकाळी त्यांचंही बरं चाललं. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली, आणि इथे दुसरा मोठा निर्णय होता. प्रशिक्षकाने सांगितलं होतं की दुपारचं सत्र ऐच्छिक समजा, बर्फ जड झालाय. वहिनींनी पुन्हा तेच सांगितलं. तिघं थांबली. दोघं, त्यात ‘जाऊ तरी’ म्हणणारे दादा, परत गेले. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं: आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमू लागलंय, उद्या वर्ग नाही, मग आत्ता का सोडायचं?

सव्वादोनच्या सुमारास दादा पडले. वेग जवळजवळ नव्हताच. समोर आडव्या थांबलेल्या एका मुलाला चुकवायला त्यांनी पिझ्झा केला, डावी स्की ओल्या बर्फात रुतली, शरीर वळलं आणि पाय वळला नाही. बूट स्कीला जखडून ठेवणारी बंधनं जोरात पडल्यावर सुटतात. हळू, पिळवटत पडलेल्या नवशिक्याची पुष्कळदा सुटत नाहीत, हे मला नंतर वहिनींनी समजावलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध दुखावणं ही नवशिक्यांची अगदी ठरलेली इजा आहे.

प्रशिक्षकाने लगेच वरच्या बाजूला दोन स्की फुलीच्या आकारात उभ्या रोवल्या. उतारावर कुणी जखमी आहे हे सांगायची ती खूण. डोंगरी बचाव दलाचे दोन जण घसरगाडीसारखं स्ट्रेचर घेऊन वीस मिनिटांत आले. दादांना जर्मन नीट येत नाही आणि घाबरल्यावर तर इंग्रजीही सुचेना. मी फोनवरून भाषांतर करत होते. इस्पितळात एमआरआय झाला: अस्थिबंध अर्धवट फाटलेला, शस्त्रक्रियेची गरज नाही, सहा आठवडे पट्टा. खर्च त्यांच्या जर्मन आरोग्य विम्यातून झाला. हाच अपघात मावशींचा घसरगाडीवर झाला असता तर काय, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

३१ डिसेंबर: गट फुटला, आणि तेच बरं झालं

‘सगळे त्सुगश्पित्से’ हा बेत रात्री अकराला स्वयंपाकघरात बसून मोडला. कारण ठरले आजोबा. पाच महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. हे गटातल्या दोन-तीन जणांनाच माहीत होतं. त्यांच्या मुलाची फार इच्छा होती. “पुन्हा कधी येणार बाबा इथे?” हे त्याचं म्हणणं कुणालाही हलवून टाकेल असं होतं. पण शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही साधारण सत्तर टक्केच मिळतो, आणि केबल कार तिथे दहा मिनिटांत पोचवते. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. डॉक्टरांना विचारायला हवं होतं ते सांगलीहून निघताना. ३० तारखेच्या रात्री कुणाला विचारणार? आजोबांनीच निकाल लावला. “मला डोंगर खालूनच बघायचाय रे. वरून डोंगर दिसतो कुठे?”

मग तीन गट केले. सात मोठे आणि चार मुलं वर गेली. आइबझेला रांग मोठी होती, वारा होता, गाडी सुटेल की नाही असं तासभर वाटत होतं, पण गेले. त्यांनी स्की केलंच नाही. बर्फात खेळले, फोटो काढले, आणि उत्तर श्नेफेर्नर हिमनदी बघितली. तिची शेजारीण, दक्षिण श्नेफेर्नर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हिमनदी म्हणवून घेण्याच्या लायकीची उरली नाही, असं बव्हेरियाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने तिथल्या माहितीफलकासमोर विचारलं, “म्हणजे ती मेली का?” त्याच्या आईला उत्तर सुचलं नाही आणि मलाही, तिने सांगितल्यावर, सुचलं नाही.

दुसरा गट आजी, आजोबा, मावशी, दोन लहान मुलं आणि मी. आम्ही सकाळी ऑलिंपिक बर्फक्रीडा केंद्रात गेलो. बाहेर वसंत असो की शिशिर, रिंकवर बर्फ असतो. मुलांना पेंग्विनच्या आकाराचे आधार मिळतात, ते ढकलत ती दोन तास फिरली. मावशी गॅलरीत बसून त्यांना प्रोत्साहन देत होत्या. प्रवेश स्वस्त, जागा सपाट, स्वच्छतागृहं जवळ, कॉफी मिळते. तिन्ही पिढ्या एकाच छताखाली खूश असण्याची चार दिवसांतली ती एकमेव वेळ होती, आणि ती जागा आमच्या मूळ बेतात नव्हती.

दुपारी स्की स्टेडियमकडे गेलो. आजोबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. १९३६ च्या खेळांआधी परदेशी पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून या भागातल्या ज्यूद्वेष्ट्या पाट्या काढून ठेवल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग नकाशावर कांडाहार उताराचं नाव वाचून त्यांचे डोळे चमकले. “हे आपलं कंदाहार का?” तेच. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या स्की शर्यतीला ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांनी चषक दिला आणि ते नाव आल्प्समधल्या शर्यतींना चिकटलं. रॉबर्ट्स जन्मले कानपूरला, आणि त्यांना ही पदवी मिळाली १८८० च्या अफगाण मोहिमेमुळे. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं दुसरं अफगाण युद्ध शिकवलेल्या माणसाला ते बव्हेरियातल्या एका डोंगरावर भेटलं. त्यांच्यासाठी सहल तिथेच वसूल झाली. त्यांना काय आवडेल हे आधी विचारलं असतं तर मी हा दिवस सप्टेंबरमध्येच आखला असता.

तिसरा गट म्हणजे दादा आणि त्यांची पत्नी, खोलीवर. संध्याकाळी सगळे त्यांच्याच खोलीत जमले आणि पिठलं-भात झाला.

१ जानेवारीला दादा सोडून बहुतेक सगळे स्की जंपच्या स्पर्धेला उभे राहिले. उडी मारण्याची जागा पांढरी, आजूबाजूचा डोंगर हिरवा. नॉर्वेचा हाल्वोर एग्नेर ग्रानेरुड जिंकला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ जानेवारीला, त्याच परिसरातल्या गुडिबर्गवर विश्वचषकाची स्लॅलम, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरण्याची, शर्यतही झाली. लोक विचारतात की शर्यत होते, मग आमचं स्कीइंग का नाही होत? शर्यतीला एकच अरुंद मार्ग लागतो, तो तासून दगडासारखा कडक केलेला असतो आणि त्यावर जगातले उत्तम खेळाडू एका वेळी एकच जण उतरतात. नवशिक्याला याच्या बरोबर उलटं हवं असतं: रुंद, मऊ पण कोरडं, आणि मोकळं.

नंतर काय झालं

पैशांवरून कटुता आली. ३१ च्या न झालेल्या वर्गाची रक्कम कुणी सोसायची, दादांच्या परतीच्या टॅक्सीचे पैसे गटातून द्यायचे का, आणि वर न गेलेल्यांनी केबल कारच्या गटसवलतीचा फरक का भरायचा, यावर दोन आठवडे संदेश चालले. शेवटी मी आणि माझ्या मैत्रिणीने टॅक्सीचे पैसे भरले, कारण वहिनींचा इशारा नियोजनात न लिहिण्याची चूक माझी होती आणि २३ तारखेचा फोन गटाला न विचारता हाताळण्याची चूक दोघींची. एक कुटुंब गटातून बाहेर पडलं. ते अजून परतलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं.

दादांचा गुडघा एप्रिलपर्यंत पूर्ण बरा झाला. जानेवारीच्या उत्तरार्धात थंडी परतली, बर्फ पडला, आणि फेब्रुवारीत तीन कुटुंबं एका शनिवारी रेल्वेने हाउसबर्गला गेली. तारीख त्या आठवड्याच्या बुधवारी ठरवली, मुक्काम नाही, वर्ग तिथेच जागेवर घेतला. ज्या कुरणावर डिसेंबरमध्ये पट्टी होती ते कडेपासून कडेपर्यंत पांढरं होतं.

आता आमच्या मंडळाची कुठलीही बर्फाची सहल ठरताना प्रत्येक कुटुंबाकडून आधी एक कागद भरून घेतो: कोण स्की शिकणार, कोण नुसतं बघणार, कुणाला उंचीचा त्रास किंवा हृदयाचा आजार आहे, विम्यात हिवाळी खेळ आहेत का, आणि बर्फ नसेल तर त्या दिवशी तुम्हाला काय आवडेल. शेवटचा प्रश्न मुलांनी स्वतःच्या हाताने लिहायचा असतो. गेल्या खेपेला सहापैकी चार मुलांनी त्यात लिहिलं होतं: पेंग्विन.